दलालाची आर्णी आणि आमची आर्णी

पगार खात्यात जमा झाला की चार-पाच दिवसांत ते येतात. शहरातून मोटार घेऊन येतात, शाळेच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली लावतात आणि मधल्या सुट्टीचा अंदाज घेऊन शिक्षकांच्या खोलीत येऊन बसतात. हातात चकचकीत कागदावरचा नकाशा. नकाशावर हिरवे-पिवळे चौकोन, एका कोपऱ्यात मशिदीचा घुमट, शेजारी कारंजे. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. आमच्या समाजात दरमहा ठरलेली रक्कम हाती पडणारे लोक मोजके, त्यात आम्ही मोडतो. साहजिकच प्लॉट विकणाऱ्याच्या वहीत आमची नावे पहिल्या पानावर असतात.

त्या गृहस्थांचे नाव इथे देत नाही. ते एकटे नाहीत, आणि आमचा वाद त्यांच्या नावाशी नाही. त्यांची आर्णीविषयी, इथल्या माणसांविषयी, इथल्या उद्योगधंद्यांविषयी काही मते आहेत आणि ती ते मोठ्या अधिकाराने सांगतात. आश्चर्य हे की गेल्या काही वर्षांत तीच मते आमच्या मोहल्ल्यातली शिकलेली माणसेही सांगू लागली आहेत. म्हणून हा लेख.

शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले, "सर, आर्णी आता पहिली आर्णी राहिली नाही. नागपूर-तुळजापूर हायवे चारपदरी झाला. रेल्वे येऊन राहिली. कपड्याचे कारखाने येतील. आज जो प्लॉट दोन लाखांत मिळतो तो पाच वर्षांनी दहाला मिळणार नाही." आम्ही चहा मागवला. एका सहकाऱ्याने तिथल्या तिथे टोकन म्हणून पाच हजार काढून दिले. खोटे कशाला बोला, आमचाही हात खिशाकडे गेला होता.

त्याच आठवड्यात गावालगत अरुणावतीच्या बाजूला चार एकर शेती असलेल्या एका ओळखीच्या काकांकडे आम्ही बसलो होतो. ओसरीत हेच गृहस्थ आले. आम्हाला पाहून जरा चपापले, पण धंद्यातला माणूस, लगेच सावरले. काकांना म्हणाले, "काका, या गावात ठेवलंय काय? धूळ, कापूस अन् वर्षातून एकदा उर्स. कारखाना नाही, रेल्वे नाही, येणारबी नाही. इथला माणूस दहा वाजता दुकान उघडतो अन् दुपारी झोपतो. अशा गावात इंडस्ट्री येत नसते. वावर ठेवून काय करता? पोरं तर पुण्याला गेली. आता भाव आहे, मोकळे व्हा."

एका आठवड्यात, एका तोंडातून, दोन आर्णी. घेणाऱ्यासमोर आर्णी उगवती आणि विकणाऱ्यासमोर मेलेली. या दोन आर्णींमध्ये जेवढे अंतर, तेवढी त्यांची कमाई. ज्याला आपण मत समजून मान हलवतो तो मालाचा भाव असतो.

आता त्यांच्या दोन्ही आर्णी तपासून पाहू. रेल्वेचे आधी, कारण ते सोपे आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालू आहे हे खरे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला हेही खरे. पण हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो. आर्णी त्यावर नाही. नकाशावर आमच्या गावाच्या कडेने जी काळी-पांढरी रेघ काढली होती ती रेल्वे खात्याने काढलेली नव्हती.

उद्योगाचे मात्र दुखणे जुने आहे आणि ते दलालाने निर्माण केलेले नाही. यवतमाळ जिल्ह्याला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात. यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे इंग्रजी अमदानीत कशासाठी टाकली गेली? इथला कापूस बंदरापर्यंत न्यायला. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी. 170 किलो रुईची एक गाठ बांधली की आमच्या भागाचे काम संपते. गाठ ट्रकवर चढते आणि सूत, कापड, शिलाई, दुकान हा सगळा पुढचा पैसा दुसऱ्या गावात मोजला जातो. यवतमाळला लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. तो सोडला तर जिल्ह्याने कापसावर पुढे काय केले हे शोधावे लागते.

20 मार्च 2014 रोजी आमच्या आर्णी तालुक्यातल्या दाभडीला नरेंद्र मोदी 'चाय पे चर्चा'साठी आले होते. ते तेव्हा पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. शेतातून धागा, धाग्यातून कापड, कापडातून तयार कपडा आणि कपडा परदेशात, असे चित्र त्या काळात रंगवले गेले. दाभडीचे नाव देशभर झाले. पुढे 2023 साली महाराष्ट्राच्या वाट्याचे पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान जाहीर झाले ते अमरावतीजवळ नांदगाव पेठेला, आणि 20 सप्टेंबर 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. अमरावतीकरांचे अभिनंदन. पण दलाल आम्हाला कपड्याचे कारखाने दाखवतात ते इथे, याच नकाशावर, प्लॉट क्रमांक 41 च्या मागे.

आणि आळस? 2017 च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. दुपारी झोपलेली माणसे अशी मरत नाहीत. आमच्या बागवानाचा दिवस पहाटे चारला भाजीच्या हर्रासीत सुरू होतो. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलींच्या आया नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचायला जातात आणि त्या दिवसांत धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलगी घरी राहते, हे हजेरीपटावर लाल शाईने लिहिलेले आहे. पिंजाऱ्याचा धंदा कारखान्याच्या फोमच्या गादीने खाल्ला. 2015 साली गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढवला गेला आणि कुरैशी बिरादरीचा पिढीजात व्यवसाय एका अधिसूचनेने गुन्हा झाला. ज्या शेतकऱ्याला म्हातारा बैल विकून नवा घ्यायचा होता त्याचेही गणित तिथेच मोडले. उद्योग नाही म्हणणे सोपे आहे. होता तो कुठे गेला हे विचारायचे तर दलालाचे काम थांबते, आणि दुर्दैवाने आमचे पुढारीही ते विचारत नाहीत, कारण त्यांच्यापैकी कित्येकांनी आता स्वतःच लेआउट टाकले आहेत.

इथवर जे लिहिले ते कोणत्याही गावाला लागू पडावे. पण या गृहस्थांची तिसरीही एक आर्णी आहे आणि ती फक्त आमच्यासाठी राखून ठेवलेली आहे. चहा झाल्यावर, आवाज खाली आणून, खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सर, तुमच्या लोकांसाठी वेगळा लेआउट काढतोय. सगळे आपलेच. अजानचा आवाज येईल, शेजारी कोणी नाक मुरडणार नाही. पोरीबाळींना सेफ."

'आपलेच' हा शब्द त्यांनी आमच्यासाठी वापरला. ते स्वतः आपल्यातले नव्हते. असते तरी फरक पडला नसता. हाच शब्द वापरणारे आपल्यातलेही पुष्कळ आहेत.

आमचे एक सहकारी यवतमाळ रस्त्यावरच्या एका मंजूर लेआउटमध्ये प्लॉट पाहायला गेले होते. नाली, पथदिवे, नळ, सगळे रीतसर. नाव विचारले. नाव सांगितले. "सर, सगळे बुक झाले हो." आठ दिवसांनी मराठी शाळेतल्या त्यांच्या मित्राला तिथेच दोन प्लॉट दाखवले गेले, पसंत करा म्हणून. मित्र भला माणूस. त्याने येऊन सांगितले आणि स्वतःही घेतला नाही. पण असे मित्र किती असतात? आणि सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी काय केले? तो 'आपल्या' लेआउटचा बयाणा देऊन आला. म्हणजे एका हाताने दार लावायचे आणि दुसऱ्या हाताने खिडकीतून माल विकायचा. पहिल्या दाराशिवाय दुसरा माल खपत नाही, ही गोष्ट आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. 1992-93 नंतर मुंबईतून जी कुटुंबे मुंब्र्याला गेली ती हौसेने गेली नाहीत. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात हेच लिहिले, की असुरक्षिततेपोटी मुसलमान एकाच वस्तीत गोळा होतात आणि मग त्या वस्तीकडे पालिका, शाळा, बँक सगळेच पाठ फिरवतात. काही बँका अशा भागांना कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र ठरवतात हेही त्या अहवालात आहे. पण मुंबईचे दुःख आर्णीने का पांघरावे? आमच्या गावात बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे. कंबल पांघरून राहणाऱ्या या फकिराच्या उर्सात पाळणे कोणाचे, पेढे कोणाचे, नवस फेडायला आलेली बाई कोणत्या घरची, हे विचारत बसलो तर उर्स होणारच नाही. त्याच दर्ग्याचे नाव नकाशावर आहे: 'दर्ग्यापासून सात मिनिटे'. ज्या जागेने सगळ्यांना एका चादरीखाली घेतले तिचा उपयोग फक्त 'आपल्या' वस्तीचे अंतर मोजायला!

तो लेआउट आम्ही जाऊन पाहिला. मोटारसायकलवर दर्ग्यापासून सतरा मिनिटे. चुन्याच्या रेघा, मधून मुरमाचा रस्ता, बाकी सोयाबीनचे कुटार. अकृषक परवानगी, जिला सगळे एनए म्हणतात, ती "प्रोसेसमध्ये". एक एकराहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कुठे आहे विचारले तर बरोबरच्या पोऱ्याने जिथे बोट दाखवले तिथे आधीच दोन खांब रोवलेले होते. शाळा? "सर, तुम्ही आहात ना, तुम्हीच काढाल." शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. नियम वस्तीला लागू होतो, चुन्याच्या रेघांना होत नाही. अशाच एका जुन्या 'आपल्या' वस्तीतून आमच्या शाळेत येणाऱ्या मुली आम्ही मोजल्या आहेत. पाचवीत अकरा होत्या. आठवीत चार राहिल्या. बाकीच्या कुठे गेल्या? कुठेही नाही, घरीच आहेत. पावसाळ्यात रस्ता नाही, ऑटोला पैसे नाहीत, आणि "पोरीबाळींना सेफ" म्हणून तर तिथे घर घेतलेले.

आता कागदाकडे येऊ. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील गादी-रजईचे काम करतात. एका संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन घरी आले. "सर, ज़रा देख के बताव, क्या लिखेला है." शंभर रुपयांचा स्टँपपेपर, नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदार आणि वर ठळक अक्षरांत 'कब्जापावती'. त्यासाठी त्यांनी दोन लाख दहा हजार दिले होते; त्यात बायकोची साखळी होती. आम्ही वाचून दाखवले. हे खरेदीखत नव्हते. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या जागेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हा कायदा 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि 1908 चा नोंदणीचा कायदा यांत बसलेला आहे, म्हणजे आमच्या पणजोबांच्या काळापासून आहे. नोटरीचा शिक्का सही कोणाची ते सांगतो, जागा कोणाची झाली ते सांगत नाही. पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. मालक तिसराच. 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा.

त्यांनी एकच विचारले, "पैसे देने के पहले आना था ना?"

होय, आधी यायला हवे होते. पण ते आधी का आले नाहीत, याचे उत्तर आम्हाला, म्हणजे उर्दूच्या मास्तरांना, द्यावे लागेल. ते आले नाहीत कारण त्याच दलालाच्या नकाशावर 'यांनी घेतले' म्हणून आमच्या सहकाऱ्यांची नावे होती. शिकलेल्या माणसाने घेतले म्हणजे तपासूनच घेतले असणार! आम्ही तपासले नव्हते. उर्दू शाळेत शिकलेल्या कित्येकांना मराठी बोलता येते, बाजारात उत्तम येते, पण मराठी कागद समोर आला की डोळे पाणावतात आणि अंगठा पुढे होतो. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून मराठी आमचीही भाषा आहे हे आपण ठणकावून सांगत आलो, कथा-कविता लिहीत आलो, आणि ते योग्यच झाले. पण साहित्यातली मराठी हाती आली तरी सातबाऱ्याची मराठी राहूनच गेली.

गंमत अशी की ती मराठी मुळात परकी नाहीच. तहसील, जमीन, मौजे, कब्जा, वारस, हक्क, हिस्सा, नमुना, तपशील, दस्त, मुखत्यार, खरेदी. हे शब्द उर्दू तिसरीतल्या पोरालाही कळतात, फक्त लिपी बदललेली आहे. स्वतः दलाल हा शब्द अरबी. दलीलही त्याच धातूतून येते. दलाल म्हणजे वाट दाखवणारा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शहरातल्या माणसाने बाहेरून माल घेऊन आलेल्या वाळवंटातल्या माणसाच्या वतीने विक्री करण्यास मनाई केल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना अर्थ विचारला तेव्हा, त्याचा दलाल बनू नये, असा त्यांनी खुलासा केला. यावरून दलालीच हराम ठरते असे नाही, फुकहांनी त्याला अटी सांगितल्या आहेत, आणि आमच्यातले कोणी प्रामाणिकपणे हा धंदा करत असतील तर त्यांनी राग मानू नये. पण घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, त्याची मनाई तर अगदी स्पष्ट आहे. शिक्षकांच्या खोलीत "मी दोन घेतो" म्हणून पहिला हात वर करणारा तो बाहेरचा तरुण आठवतो का? त्याने आजवर एकही घेतलेला नाही. जुम्याच्या बयानात व्याजावर बोलले जाते, लग्नातल्या नाचगाण्यावर बोलले जाते. नजशवर आम्ही अजून ऐकलेले नाही.

सरकारी बाजूने म्हणाल तर साधने आहेत. 1 मे 2017 पासून महारेरा आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठी जागा किंवा आठाहून जास्त प्लॉट असतील तर नियोजन क्षेत्रात नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. दलालालाही नोंदणी लागते, आणि 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. आम्ही डीएड केले, बीएड केले, आणि 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा शिक्षकांना पुन्हा टीईटी द्यायला सांगितले. देऊ. पण ज्या गृहस्थांनी आमच्या खोलीत बसून गावाचे भविष्य सांगितले त्यांना आम्ही एकदाही विचारले नाही, की साहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय?

गेल्या जूनपासून आम्ही आठवीच्या मराठीच्या तासाला महिन्यातून एकदा सातबारा वाचतो. अभ्यासक्रमात नाही, त्यामुळे निरीक्षणाच्या दिवशी वाचत नाही. फळ्यावर रकाने आखतो. भोगवटादार कोण, क्षेत्र किती, फेरफार क्रमांक कोणता, इतर अधिकारात काय. रजईवाल्यांची मुलगी यात सगळ्यांत पुढे आहे. तिने वर्गात विचारले, "सर, बोजा म्हणजे वजन ना?" आम्ही म्हणालो, कर्ज. ती म्हणाली, "मग बरोबर आहे."

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. नवा नकाशा, या वेळी कारंजे दोन. आम्ही मोबाइलवर काढलेला त्या गटाचा सातबारा टेबलावर ठेवला आणि मालकाचे नाव वाचून दाखवले. त्यांनी कागदाकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले.

"सर, तुम्हाला मराठी वाचता येते?"

चहा अर्धा ठेवून ते उठले. मोटार कडुलिंबाखालून निघाली ती दिग्रसच्या रस्त्याला लागली. तिथेही उर्दू शाळा आहेत, आणि पगार तिथलाही झालेला होता. आम्ही तिथल्या ओळखीच्या मास्तरांना फोन लावला.